प्रणयसुखात्मिकेतील मांजर : गोदाकाठच्या गाथेपासून चित्रपटापर्यंत

१

सुखात्मिकेची समीक्षा पात्रांच्या ठराविक वर्तुळात फिरत राहते, हे आपल्याकडील नाट्य आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांतील लेखनाबाबत म्हणता येईल. नायक-नायिका, त्यांच्या मीलनाआड येणारे वडीलधारे, मध्यस्थी करणारा मित्र अथवा विदूषक यांच्या पलीकडे तिची दृष्टी सहसा जात नाही. दोन प्रसंगांच्या सांध्यावर एखादे मांजर दारातून येते आणि खिडकीतून निघून जाते. त्याची नोंद झालीच, तर 'वातावरणनिर्मिती' या सोयीस्कर शब्दाखाली होते. ज्या घटकाचे कार्य समीक्षकाला सांगता येत नाही, तो वातावरणाच्या खात्यावर जमा होतो.

प्रस्तुत निबंधाचा विषय असा परस्पर जमा झालेला घटक आहे. प्रणयसुखात्मिकेत क्षणभर येणाऱ्या प्राण्याचे, विशेषतः मांजराचे, कार्य कोणते आणि ते इतिहासात कसे बदलत गेले, हा येथील प्रश्न आहे. प्रश्न चित्रपटामुळे उद्भवला असला तरी उत्तरासाठी बरेच मागे जावे लागते, आणि मागे जाणारी वाट गोदाकाठाने जाते. ध्वनिसिद्धान्ताच्या इतिहासात अतिशय चर्चिले गेलेले एक उदाहरण या नदीच्या काठी घडते. त्यात दोन प्राणी आहेत, आणि मुळात तो एका प्रणयसुखात्मिकेतील प्रसंग आहे. नांदेडच्या घाटावरून वाहणाऱ्या या नदीशी असलेले त्याचे नाते शास्त्रचर्चेच्या ओघात पुसट झाले. ते पुन्हा ठळक केल्याखेरीज चित्रपटातील मांजराचा अर्थही पुरता उलगडणार नाही, अशी या निबंधाची भूमिका आहे.

२

'गाथासप्तशती' सातवाहन राजा हाल याच्या नावावर असली तरी ती एका काळाची वा एका हाताची रचना नाही, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. आल्ब्रेख्त वेबर यांच्या १८७० आणि १८८१ च्या आवृत्त्यांनी ती आधुनिक विद्येच्या कक्षेत आणली आणि स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीने मराठी वाचकाच्या हाती दिली. सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, गोदावरीवर आहे. तीच नदी पुढे नांदेडला येते. गाथेतील शेतकरी, वाटसरू, गावप्रमुखाची सून, नदीकाठची झाडी हे सारे विश्व या खोऱ्यातील आहे.

या संग्रहातील प्रस्तुत गाथेचा प्रसंग थोडक्यात असा. गोदाकाठची एक झाडी कोणा स्त्रीचे संकेतस्थळ आहे. तेथे एक धर्मशील गृहस्थ नित्य येऊ लागल्यामुळे तिची अडचण होते. गावातील कुत्र्याला तो भितो. ती त्याला आनंदाची बातमी सांगते, की तुम्ही आता निर्धास्तपणे फिरा, त्या कुत्र्याला झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले. वाच्यार्थ आमंत्रणाचा आहे, व्यंग्यार्थ निषेधाचा. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या पहिल्या उद्द्योतात, व्यंग्य हे वाच्याहून वेगळे असते हे सिद्ध करण्यासाठी, हीच गाथा पुढे केली.

पुढे महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त आक्षेप घेतला, की येथे व्यंजना मानण्याचे कारण नाही. सिंह आहे म्हणून तेथे फिरू नये, हे साधे अनुमान आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात त्याला दिलेले उत्तर शास्त्रीय आहे, तसेच ते नकळत विनोदीही आहे. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या आज्ञेने वा प्रियेच्या ओढीने भयस्थानी जातो. कुत्र्याच्या स्पर्शाला कचरणारा माणूस सिंहाला भिणार नाही इतका शूर असू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिंह तेथे आहे, हे कोणी पाहिलेले नाही. ते एका स्त्रीच्या शब्दावरून कळले आहे, आणि तिचा शब्द प्रमाण मानण्यास आधार नाही. हेतूच असिद्ध असल्यामुळे अनुमान उभे राहत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मम्मटाचा हा शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. गाथेतील दोन्ही प्राणी प्रत्यक्षात अनुपस्थित आहेत. कुत्रा मेलेला आहे, निदान तसे सांगितले जाते, आणि सिंह बहुधा नाहीच. अवघी सुखात्मिका एका न दिसलेल्या प्राण्याच्या बळावर चालते. प्रेमी जिवांना उघड बोलता येत नाही ते हा प्राणी बोलतो, आणि त्यासाठी त्याला अस्तित्वात असण्याचीही गरज पडत नाही. मार्जारकुळातील थोरल्याचा हा आपल्या प्रांतातील प्रणयसुखात्मिकेत झालेला पहिला अल्पप्रवेश मानावयास हरकत नाही. मांजराला 'वाघाची मावशी' म्हणणाऱ्या भाषेला हे नाते समजावून सांगावे लागणार नाही.

३

गाथेकडून रंगभूमीकडे वळले असता प्राण्यांची ही अनुपस्थिती अधिक पद्धतशीर झालेली दिसते. भरताने आहार्य अभिनयाचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी 'संजीव' हा प्राण्यांच्या रंगप्रवेशासाठी आहे. शास्त्राने वाट मोकळी ठेवली होती. नाटककारांनी मात्र विनोदाच्या ऐन क्षणी प्राण्याला बहुधा नेपथ्यात किंवा उपमेत ठेवणे पसंत केले. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) मराठीत नाट्यशास्त्राची चर्चा पुष्कळ पुढे नेली. परंतु ती चर्चा आपल्या एकंदर समीक्षेत रसाभोवती स्थिरावली, आणि संजीवासारखी प्रयोगाच्या अंगाची प्रकरणे मागे राहिली.

या दृष्टीने 'मालविकाग्निमित्र' पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्याची नायिका विदर्भाची राजकन्या आहे, म्हणजे प्रसंग विदिशेचा असला तरी मुलगी आपल्याकडची आहे. चौथ्या अंकात या नाटकाचे सारे प्राणी एकवटले आहेत. धारिणी राणीने मालविकेला तळघरात कोंडले आहे. तिची हकीकत विचारली असता विदूषक सांगतो, की मांजराने धरलेल्या कोकिळेची जी असते तीच. मग तिच्या सुटकेसाठी तो सर्पदंशाचे सोंग करतो. केतकीच्या काट्याची खूण दाखवून, उपचाराच्या निमित्ताने, राणीची नागमुद्रेची अंगठी मिळवितो. सर्प कोठेही नाही. प्रेमी भेटतात आणि इरावती राणी अवचित समोर उभी राहते. तेव्हा विदूषकाला पिंजऱ्यातून सुटून थेट मांजरीच्या दृष्टीस पडलेले पाळीव कबूतर आठवते. या पेचातून राजाची सुटका करते ते एक माकड. त्याला पाहून लहानगी वसुलक्ष्मी घाबरल्याची वार्ता येते, सर्वांचे लक्ष तिकडे वळते, आणि विदूषक मनोमन त्या माकडाचे आभार मानतो.

एकाच अंकात बनावट साप, नेपथ्यातील माकड आणि उपमेतील मांजर येतात. रंगमंचावर यांतील एकही येत नाही. हर्षाच्या 'रत्नावली'त माकड पागेतून सुटून धुमाकूळ घालते आणि पिंजऱ्यातून उडालेली सारिका नायिकेचे गुपित बोलून दाखविते. तेथे प्राण्याकडे कथानकाची किल्ली दिली आहे, तरी माकडाचे स्थान मुख्यतः वर्णनातच आहे. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात मातलीने अदृश्य राहून धरलेला विदूषक स्वतःला मांजराच्या तावडीतील उंदीर म्हणवितो. 'मृच्छकटिका'तील शर्विलक घरफोडीच्या वेळी आपल्या पावलांची तुलना मांजराशी करतो.

या उदाहरणांतील मांजर कोण आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ते नेहमी पकडणारे अथवा दबा धरणारे आहे. 'मालविकाग्निमित्रा'त तर मांजर म्हणजे अंतःपुरातील सत्ता आहे. राज्याच्या सीमा आखणारा राजा आपल्याच घरात कबूतर होतो आणि त्याची पत्नी मांजरी. सुखात्मिकेला आवश्यक असणारी सत्तेची उलथापालथ या एका उपमेत घडून जाते. आपल्या म्हणींमधील मांजरही याच जातीचे आहे. डोळे मिटून दूध पिणारे, आडवे जाणारे, ज्याच्या गळ्यात घंटा बांधण्यास कोणी धजत नाही असे हे मांजर भाषेत राहते. त्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो.

४

शब्दातून शरीराकडे होणारा प्रवास मध्येच दगडावर थांबतो, आणि हा थांबा नांदेड-लातूर परिसरात आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर आणि लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर यांच्या बाह्यभिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात बहरलेल्या या मूर्तिपरंपरेत दख्खनभर एक लकब पुन्हा पुन्हा भेटते. सुंदरीच्या पायाशी एक माकड असते आणि ते तिच्या वस्त्राचा पदर ओढते. काही ठिकाणी तिने त्याला मारण्यासाठी हात उगारलेला असतो.

कालिदासाच्या नेपथ्यातील माकड येथे देवळाच्या भिंतीवर सर्वांच्या डोळ्यांसमोर आले आहे. भाविक प्रदक्षिणा घालतो, मूर्तीसमोरून जाताना त्याला क्षणभर ते दिसते आणि पुढे गेल्यावर दिसेनासे होते. प्रियकर शिल्पात नाही, त्याचे काम माकड करीत आहे. जे माणसाने केले असता असभ्य ठरले असते ते प्राण्याकडून करवून घेण्याची ही युक्ती शृंगार आणि हास्य यांच्या सीमेवर उभी आहे. तथापि दगडातील माकडही शिल्पकाराने ठरविले तेवढेच करते. पदर सोडून निघून जाण्याची मुभा त्याला नाही. ती मुभा प्राण्याला मिळाली ती कॅमेऱ्यापुढे.

५

अमेरिकन प्रणयसुखात्मिकेचा बहर १९३० नंतरच्या दशकात आला. लिओ मॅकॅरी यांच्या 'द ऑफुल ट्रूथ' (१९३७) मध्ये घटस्फोट मध्यरात्री पक्का होणार आहे आणि पती-पत्नी शेजारच्या दोन खोल्यांत आहेत. मधले दार नीट मिटत नाही. अखेरच्या या प्रसंगात एक काळी मांजर दाराशी ठाण मांडते आणि दार उघडण्याच्या आड येते. दोघांनाही दार उघडावयास हवे आहे, पण तसे म्हणण्याची सोय नाही. मांजरीला यांतले काहीच ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी हॉवर्ड हॉक्स यांच्या 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८) मध्ये मार्जारकुळ बिबट्याच्या रूपाने आले. प्रागैतिहासिक प्राण्याचा सांगाडा जुळविण्यात गढून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या आयुष्यात एक मुलगी आणि तिचा माणसाळलेला बिबट्या शिरतो. मग सर्कशीतून सुटलेला दुसरा, खराच हिंस्र बिबट्या त्यात मिसळतो. मेलेल्या प्राण्यावर निष्ठा ठेवणाऱ्या नायकाला जिवंत प्राणी प्रेमाकडे ढकलतो. अर्थात येथील प्राणी क्षणजीवी नाही, चित्रपटाच्या नावातच तो आहे. म्हणून त्याचा अर्थही अधिक उघडपणे हाती लागतो.

ब्लेक एडवर्ड्स यांचा 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (१९६१) आपल्या विवेचनाचा मध्यबिंदू ठरावा. ट्रुमन कपोटी यांच्या १९५८ च्या लघुकादंबरीवर तो आधारलेला आहे. होलीने आपल्या मांजराला नाव दिलेले नाही. आपण कोणाच्या मालकीचे नाही, मांजरही नाही, हा तिचा सिद्धान्त. दोन्ही संहितांत ती त्याला वाटेत सोडून देते आणि दोन्हींत तिला पश्चात्ताप होतो. कादंबरीत मांजर तिला सापडत नाही. पुष्कळ दिवसांनी निवेदकाला ते कोणाच्या तरी घराच्या खिडकीत बसलेले दिसते, तोवर होली देश सोडून गेलेली असते. चित्रपटात ते पावसात सापडते आणि दोघांच्या आलिंगनात मध्यभागी भिजत राहते. मूळ कथेची सुखात्मिका होण्यासाठी मांजर परत येणे पुरेसे झाले. वाङ्मयप्रकार बदलण्याचे सामर्थ्य ज्या घटकात आहे, त्याला वातावरण म्हणणे कठीण आहे.

कालिदासाच्या मांजरीशी तुलना केली तर अंतर ध्यानात येते. ती सत्तेची प्रतिमा होती. होलीचे मांजर कोणाचेच नाही, आणि त्याचे कोणाचेच नसणे हाच त्याचा अर्थ आहे. शोध घेणारी मांजरी आता शोधली जाणारी झाली.

याहून महत्त्वाचा बदल माध्यमातील आहे. फ्रान्स्वा त्रुफो यांच्या 'डे फॉर नाइट' (१९७३) या चित्रीकरणावरच्या चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. प्रेमिकांनी खोलीबाहेर ठेवलेल्या न्याहारीच्या तबकातील दूध मांजराच्या पिलाने प्यावे, एवढेच दिग्दर्शकाला हवे आहे. पिलू पीत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न होतात आणि अखेर दुसरे मांजर आणावे लागते. त्रुफो यांनी स्वतःच्या 'ला पो दूस' (१९६४) मध्ये असाच प्रसंग चित्रित केला होता. मांजर दूध पिते हे भाषेतील गृहीत आहे, म्हणींचा तो आधार आहे. कॅमेऱ्यासमोरच्या मांजराने ते गृहीत नाकारले.

ध्वनिसिद्धान्ताला चित्रपटाने येथे एक नवा प्रश्न घातला आहे. गाथेतील सिंह व्यंजक होता, कारण बोलणाऱ्या स्त्रीने त्याला अर्थासाठी निर्माण केले होते. पडद्यावरचे मांजरही व्यंजक आहे. दाराशी बसून ते दोन माणसांची इच्छा सूचित करते. पण त्याचे शरीर अर्थासाठी निर्माण झालेले नाही. नट प्रेमाचा अभिनय करतो, मांजर अभिनय करीत नाही. शिकविलेले असले तरी ते खाऊसाठी चालते, कथेसाठी चालत नाही. प्रणयसुखात्मिकेसारख्या, संकेतांनी जखडलेल्या वाङ्मयप्रकारात हे न जाणणारे शरीर क्षणभर आले की आजूबाजूचे संकेत खरे वाटू लागतात. प्रेक्षक ज्या क्षणी मांजर पाहून हसतो त्या क्षणी तो लेखकाच्या क्लृप्तीला हसत नसतो. म्हणून हा प्रवेश अल्प असणे इष्ट ठरते. मांजर पडद्यावर जितके रेंगाळेल तितके ते पात्र होईल, आणि पात्र झाले की पुन्हा संकेतात शिरेल.

६

मराठीत काय घडले? 'ब्रिंगिंग अप बेबी'च्याच वर्षी, १९३८ साली, मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांचा 'ब्रह्मचारी' आला. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, चित्रनिर्मितीची केंद्रे कोल्हापूर, पुणे आणि मुंबई ही होती. विरक्त नायकाचा निग्रह मोडणे हे दोन्ही चित्रपटांचे सूत्र आहे. अमेरिकन चित्रपटाला त्यासाठी बिबट्या लागला. अत्र्यांच्या औदुंबराला प्राण्याची गरज पडली नाही, मीनाक्षी शिरोडकर यांचा जलविहार पुरला. जे अन्यत्र प्राण्यामार्फत सूचित केले जात होते ते येथे उघड दाखविण्याचे धाडस झाले, आणि त्यावर मोठे वादळही उठले. निसर्गवृत्तीचे काम नायिकेच्या देहावर सोपविले की प्राणी कथेबाहेर जातो, असे एक सूत्र यातून निघते.

सई परांजपे यांच्या 'कथा' (१९८३) या हिंदी चित्रपटामागे एस. जी. साठे यांचे 'ससा आणि कासव' हे मराठी नाटक आहे. मुंबईच्या चाळीतील ही प्रणयसुखात्मिका ससा-कासवाची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून चालते आणि तिचे तात्पर्य उलटे करून दाखविते. प्राणी येथे पुन्हा संहितेत, बोधकथेत, परतला आहे. चाळीतल्या माणसांना ससा आणि कासव ही नावे लागू पडतात, परंतु त्या प्राण्यांपैकी कोणी जिन्यात भेटत नाही. संस्कृत नाटकाची रीत आपल्या चित्रपटात टिकून राहिल्याचे हे ठळक उदाहरण होय.

या इतिहासाला प्रश्न विचारणारा चित्रपट २०१३ साली तयार झाला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा आरंभ प्रणयसुखात्मिकेसारखा आहे. शाळकरी जब्या शालूवर जीव टाकतो आणि तिला वश करण्यासाठी काळ्या चिमणीच्या मागे लागतो. चिमणी हाती येत नाही. गाथेतील सिंहासारखी ती प्रेमाची अनुपस्थित दूती आहे, आणि तेवढ्यावर चित्रपट हलकाफुलका राहू शकला असता. परंतु दुसरा प्राणी त्याला तसे राहू देत नाही. कैकाडी भाषेत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. शाळेजवळ, वर्गसोबत्यांच्या आणि शालूच्या देखत, जब्याच्या कुटुंबाला डुकरे पकडावी लागतात. होट्टलसारख्या देवळावरचे माकड पाहून हसू येते, गल्लीतले डुक्कर पकडणारा मुलगा पाहून गावही हसते. मात्र हे दुसरे हसणे सुखात्मिकेचे नाही.

आपल्या विषयाची एक बाजू येथे प्रथमच उजेडात येते. मांजर कोणत्याही घरात जाऊ शकते. त्याच्या स्पर्शाने कोणाची पायरी ठरत नाही. म्हणून ते अल्पकाळ येऊन निघून जाऊ शकते आणि जाताना मागे कलंक ठेवीत नाही. डुकराला ही सोय नाही, कारण ज्या माणसांना समाजाने त्याच्याशी बांधले आहे त्यांना ती नाही. त्यांच्या प्रेमकथेत प्राणी क्षणभर येत नाही, तो येतो आणि सारी चौकट व्यापतो. प्राण्याचे अल्पदर्शन हा केवळ तंत्राचा गुण नसून त्यामागे सामाजिक निश्चिंतता असते, हे 'फँड्री'ने दाखविले. गाथेतील धर्मशील गृहस्थ कुत्र्याला का भितो, ते भय दातांचे की विटाळाचे, हा मम्मटाच्या उत्तरात ओझरता आलेला प्रश्नही यानंतर वेगळ्या गांभीर्याने वाचावा लागतो.

७

पडद्यावरील प्राण्याचा इतिहास आता निराळ्या वळणावर आला आहे. २००१ च्या नियमांनी आपल्याकडे प्राण्यांच्या चित्रीकरणासाठी नोंदणी आणि अनुमती आवश्यक केली. प्राण्यांच्या छळाला आळा घालणारे हे पाऊल योग्यच आहे. त्याच सुमारास संगणकाने प्राणी रेखाटण्याचे कौशल्यही वाढत गेले. असा रेखाटलेला प्राणी दूध पिण्यास नकार देत नाही. त्याला सांगितला तेवढाच अर्थ तो वाहतो. म्हणजे दोन सहस्रकांच्या प्रवासानंतर मांजर पुन्हा उपमेत जात आहे, फरक इतकाच की आता ती उपमा दिसते.

ध्वनिसिद्धान्ताने न दिसणाऱ्या प्राण्याचे सामर्थ्य सांगितले. ते सांगताना त्याने गोदाकाठची झाडी, ती बोलकी स्त्री आणि तिच्या भोवतालचे गाव यांना उदाहरणाच्या चौकटीत बसविले, आणि पुढील समीक्षेने ती चौकटच तेवढी जपली. चित्रपटाने दिसणाऱ्या, पण अर्थ न जाणणाऱ्या प्राण्याचे सामर्थ्य दाखविले. त्याची मीमांसा अजून व्हावयाची आहे. ती करताना व्यंजना आणि अनुमान हा जुना वाद उपयोगी पडेल, मात्र त्याला एक तिसरा प्रश्न जोडावा लागेल. ज्याला आपल्या असण्याचा अर्थ ठाऊक नाही अशा जिवाकडून कथा अर्थ कसा मिळविते, आणि त्याची किंमत कोणाच्या शेजारी राहणारा जीव चुकवितो? मराठी समीक्षेने सुखात्मिकेला गौण मानण्याची सवय सोडल्याखेरीज हा प्रश्न तिच्यापुढे उभाच राहणार नाही.